वीराँभुआचं पत्र

फाळणीत पाकिस्तानात राहिलेली, वडिलांची थोरली बहीण वीराँभुआ तिलकराजला इंटरनेटवर सापडली. आता ती नव्वदीची होती. "एकावन्न साली बाऊजींना, तुझ्या आजोबांना, पत्र धाडलं होतं. पोचलं का रे?" एवढंच तिचं विचारणं होतं. घरी कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तिलकराज यात्रेकरूंच्या घराण्यांच्या पिढ्यानपिढ्या नोंदी ठेवणाऱ्या हरिद्वारच्या पंड्यांकडे गेला.

"मोबाईलात सगळं मिळतं, मग आमच्या दारी कशाला आलात, यजमान?" म्हणत पंडाजींनी घराण्याची वही उलगडली. बावन्न सालच्या पानावर आजोबांचं अक्षर होतं: 'मुलगी वीराँ वारली. तिच्या नावाने कोणी विचारत आलं, तर हेच सांगावं.'

"सापडलं काही?" भुआने व्हिडिओवर विचारलं.

तिलकराजने पानावर हात पालथा ठेवला. "पत्र पोचलंच नव्हतं, भुआ."

"तरीच! नाहीतर धावत आले असते बाऊजी," म्हणत म्हातारी घरातल्यांना हाका मारू लागली.