केसांच्या पिनेएवढे वजन

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले तर आधी विचाराल, हिचा शेंडा कोणी तोडला? तेही सांगेन, पण जरा दमाने. मी गळाची काठी आहे. कार्बनची, दोन तुकड्यांची, पूर्वी सहा फूट होते आणि आता त्याला चार बोटे कमी आहे. निमगाव केतकीच्या पुढे एका वस्तीवर, पत्र्याच्या पडवीत, दोन खिळ्यांवर माझा मुक्काम असतो. म्हातारी म्हणालात तरी मला राग येणार नाही.

कुठल्याशा दूरच्या कारखान्यात मी जन्मले. काळ्या धाग्यांचे पातळ कापड पोलादाच्या लांब सुईभोवती गुंडाळले, भट्टीत भाजले आणि मग सुई ओढून काढली. म्हणून मी आतून पोकळ आहे. दोरी ज्यांच्यातून जाते त्या कड्या एका बाईने माझ्या अंगावर दोऱ्याने घट्ट बांधल्या. तिचे नाव मला ठाऊक नाही. दोरा ताणताना ती अंगठा टेकवायची, तो अंगठा मात्र अजून आठवतो.

तिथून मी बारामतीला दादासाहेबांच्या दुकानात आले. ताडपत्र्या, नायलॉनचे दोर, जाळी, गळ असे सगळे तिथे मिळायचे. माझ्या शेजारी लाल आणि सोनेरी रंगाच्या काठ्या होत्या. माझा रंग मातकट. गिऱ्हाईक यायचे, एखादी काठी उचलायचे, हवेत सपासप फिरवायचे आणि आवाज आवडला की घेऊन जायचे. मला कोणी उचललेच तर परत ठेवायचे. पाच वर्षे अशी गेली. खिडकीतल्या उन्हाने माझ्या मुठीवरची चिठ्ठी पांढरी पडली. शेवटी दादासाहेब माझ्या शेंड्याला फडके गुंडाळून आढ्याची जळमटे काढू लागले. "ही बरी वर पोचती," असे म्हणायचे. मित्रांनो, कौतुक म्हणून तेवढेच एक वाक्य माझ्या वाट्याला आले होते.

एके दिवशी सकाळी एक मुलगी एका उंच, वाळलेल्या म्हाताऱ्याचा हात धरून दुकानात आली. ती मनिषा. बारामतीत दुधाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. आणि ते तिचे आजोबा, म्हस्कूतात्या. डोक्याला पांढरा पटका, डोळे उघडे, पण नजर भलतीकडेच.

"या तात्या," दादासाहेब म्हणाले, "गेल्या साली नेलेली काठी मोडली का काय?"

"ती कशानं मोडतीया! चांगली धडधाकट हाय. म्हातारी तिनं तूर झोडपती."

दादासाहेब हसले. तात्या मात्र हसले नाहीत.

"चूक माझीच," ते म्हणाले. "मेंढरामागं जायला काठी बघावी तशी जाड बघून घेतली. आता मासा म्हंजी काय लांडगा हाय व्हय?"

मग मला त्यांची हकिगत कळली. तात्यांच्या घरी पूर्वी मेंढरे होती. मेंढरे पाण्यावर आणली की तात्या कळकाच्या काठीला गळ बांधून बसायचे. पाण्यावर मोरपिसाची काडी तरंगत असायची. ती बुडाली की मासा लागला. पुढे मेंढरे गेली, डाळिंब आले, पण वस्तीमागच्या पाझर तलावावर जाणे काही सुटले नाही. मग काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. काडी दिसेना, तेव्हा तात्यांनी हाताने ओळखून मासे धरायचे ठरवले आणि त्यासाठी ती जाड काठी घेतली.

"मासा यायचा, गांडूळ खायचा आन जायचा. मला पत्ताच न्हाय," तात्या म्हणाले. "तीन म्हैनं बसलो. मग जायाचंच सोडलं."

मनिषा हळूच दादासाहेबांना म्हणाली, "वर्ष होत आलं, पडवीतून उठत नाहीत. आजचं शेवटचं, परत दुकानात आणू नको म्हणालेत."

दादासाहेबांनी मग पुढे होऊन एकेक काठी दाखवली. तात्यांची निवडण्याची रीत वेगळी होती. त्यांनी एकही काठी हवेत फिरवली नाही. मनिषा कड्यांमधून दोरी ओवायची आणि दोरीच्या टोकाला गळ बांधायची. तात्या मूठ धरून, एक बोट दोरीला लावून, मान खाली घालून बसायचे. मग मनिषा आपल्या केसांतली पिन काढून अलगद त्या गळाला अडकवायची.

"टांगलं का?" तात्या विचारायचे.

"कधीच टांगलं, तात्या."

लाल काठी झाली, सोनेरी झाली, सगळ्यांत महागडीही झाली. प्रत्येक वेळी तेच. पाचव्या काठीनंतर तात्या उठले. "चल मने. माझा हातच मेला आसंल."

ते उठताना मनिषाची नजर कोपऱ्यात गेली. "ती कुठली हो?"

"ती व्हय? ती जळमटाची. तिला काय बघतीस!"

मनिषाने माझे फडके सोडले. तात्या अनिच्छेने पुन्हा बसले. त्यांनी मला मुठीच्या पुढे एका बोटावर आडवे तोलले, मी तोल सोडला नाही. कापसाचा पुंजका त्यांनी प्रत्येक कडीतून ओढला. कडीला चीर असती तर कापूस अडकला असता. तो कुठेच अडकला नाही. मग माझा शेंडा जमिनीला टेकवून दाबला आणि वाकलेल्या अंगावरून बोटे फिरवली. "बाक सरळ जातोय," ते पुटपुटले. "मधीच कुठं मोडत न्हाय."

मनिषाने दोरी ओवली. मित्रांनो, त्या क्षणी मी श्वास रोखला असता, जर मला श्वास असता. पिन गळाला लागली. ते एवढेसे वजन माझ्या शेंड्यातून, माझ्या पोकळ पोटातून सरकत मुठीपर्यंत गेले.

तात्यांची मान वर झाली. "टांगलंस."

"अंदाजानं बोलला तुमी," दादासाहेब म्हणाले.

"मग परत करा की."

मनिषाने पिन काढली आणि नुसतीच उभी राहिली.

"आता काय टांगलं न्हाय," तात्या म्हणाले. "म्हाताऱ्याला फसवतीस व्हय गं?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही तळ्यावर गेलो. बरोबर साखरबाई, म्हणजे तात्यांच्या बायको. त्या तात्यांच्या मागे चार पावले चालत, त्यांचा पाय घसरेल या धास्तीने, आणि तोंडाने सारखे बोलत. "येवढी बारीक काठी? मासा बगून हसंल."

गांडूळ लावले, दोरी पाण्यात गेली. बऱ्याच वेळाने एक टिचकी आली. मी ती मुठीला दिली. तात्या हलले नाहीत. पुन्हा टिचकी.

"अवं, वढा की!" साखरबाई ओरडल्या. त्यांना दोरी हलताना दिसत होती.

"गप बस. अजून चाखतोय त्यो."

मग दोरी सावकाश एका बाजूला सरकू लागली आणि तात्यांनी झटका दिला. मी कमानीसारखी वाकले. अर्ध्या हाताची मरळ चिखलात आपटत बाहेर आली. तात्यांनी ती चाचपली, डोक्यापासून शेपटीपर्यंत, आणि म्हणाले, "घे. हस म्हणावं आता."

त्यानंतर रोज जाणे झाले. पावसाळा सरेपर्यंत साखरबाई मागे येत होत्या. मग एकदा कालवण चुलीवर होते म्हणून त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. तळ्याच्या बांधावरून फक्त आम्ही दोघेच चालत होतो. तात्या एका हाताने पायवाट चाचपत आणि दुसऱ्या हातात मी. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत चांगले दिवस.

माझा शेंडा माशाने तोडला नाही. तो गाडीच्या दाराने तोडला. पिंपळीच्या पाहुण्यांकडे जाताना तात्यांनी मलाही बरोबर घेतले होते; तिथून येताना त्यांचा मुलगा नागेश याने टेम्पोचे दार जोरात लावले आणि कट्कन आवाज झाला. नागेश कावराबावरा झाला. "तात्या, दिसली न्हाय हो मला."

तात्यांनी बोटाने माझे तुटके टोक चाचपले. "तुला डोळं हायती म्हणून दिसली न्हाय," ते म्हणाले. एवढेच. पण घरी आल्यावर त्यांनी मला खिळ्यांवर ठेवले आणि आठ दिवस हात लावला नाही. साखरबाईंनी तळ्याचा विषय काढला तर म्हणायचे, "कशाला? मुकी झाली आसंल ती."

रविवारी मनिषा आली. तिने माझे टोक कानशीने साफ केले, टोकाची कडी गरम गोंदाने पुन्हा बसवली आणि मूठ तात्यांच्या हातात दिली. ते नको नको म्हणत होते. तिने ऐकले नाही. पडवीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिने केसांतली पिन काढली.

मित्रांनो, तुमच्या घरात गळाची काठी असेल, तर तिला दाराच्या फटीत आणि टेम्पोत ओझ्याखाली ठेवू नका. वापरून झाली की ओल पुसा, कड्यांवरून बोट फिरवा. आणि नवी घ्यायला गेलात, तर हवेत फिरवून आवाज ऐकू नका. मूठ धरून गप्प बसा. ती काही सांगते का, बघा. कोपऱ्यात धूळ खात पडलेलीलाही एकदा विचारा.

मनिषाने पिन गळाला लावली. वजन माझ्या तुटक्या टोकात उतरले. तिथे आता पहिली ती लवचिक चार बोटे नव्हती. ते वजन अडखळले, मग हळूहळू पुढे सरकले. तात्या मान खाली घालून बसले होते. साखरबाई भाकरी थापायच्या थांबल्या.

"टांगलंस का गं?" तात्यांनी विचारले.

मनिषाने दोन्ही हात मागे घेतले.

"टांगलंस," ते म्हणाले. "जरा उशिरा कळालं. पर कळालं." मग त्यांनी माझी मूठ पटक्याच्या टोकाने पुसली. "आता मला तरी कुठं पैल्यासारखं लवकर कळतंय? साखरे, गांडुळाचा डबा कुठं ठिवलास?"