सहापैकी पहिली टेप

डेस लम्बच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सहा टेपा होत्या. चार पुठ्ठ्याच्या खोक्यांत, दोन उघड्याच. शेजारी सफरचंदाच्या चकत्या सुकवायचं यंत्र होतं; त्याच्या पाच जाळ्यांपैकी चार काढून भिंतीला टेकवल्या होत्या. जुन्या टेपेवरचा थर दमट होऊन चिकटतो, वाजवायला गेलं की खरवडून निघतो. म्हणून ती आधी मंद आचेवर भाजून घ्यावी लागते. डेसने पहिली टेप काल आठ तास, चोपन्न अंशांवर भाजून निवत ठेवली होती.

"तुझी बायको काही म्हणाली?" रोविनाने ओला कोट खुर्चीवर टाकत विचारलं.

"म्हणाली, आता सफरचंदांना तुझ्या पहिल्या बायकोचा वास येणार."

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही. मला याच घरात राहायचंय, बाई."

रोविना हसली. नऊ वर्षांचा संसार मोडून अठरा वर्षं झाली होती, पण चहात दूध किती घालायचं हे त्याने आजही विचारलं नाही.

तिच्या नावावर पाच रेकॉर्ड्स होत्या. गाणी तिची, गिटार तिची, ध्वनिमुद्रण डेसचं. मोठ्या कंपन्यांच्या दारात दोघं कधी गेलीच नाहीत. जुन्या व्हॅनमधून गावोगाव हिंडायचं, पबच्या माडीवर गायचं. एकदा डरहमला नऊ माणसं आली होती आणि त्यातली दोन जिना चुकून. पहिली रेकॉर्ड मात्र हॅलिफॅक्सला, तिच्या बाबांच्या स्वयंपाकघरात झाली; या सहा टेपा तिच्याच. तेव्हा ती बावीस वर्षांची होती.

बाबा गिरणीच्या बँडमध्ये ट्यूबा हे भलंमोठं पितळी वाद्य वाजवायचे. लेकीच्या गाण्याबद्दल चांगलं-वाईट काही बोलले नाहीत. फक्त एक गाणं संपल्यावर, टेप फिरत असतानाच, दारात उभं राहून त्यांनी ट्यूबाचा खालचा सूर गुणगुणला होता. रोविना तेव्हा भडकली होती. टेप मागे घेऊन त्या सुरावरच पुढचं गाणं घ्यायला सांगितलं.

मार्चमध्ये बाबा गेले. फोनवर निरोप ठेवणं त्यांना कधी जमलंच नाही. त्यांचा आवाज कुठेच नव्हता. असला तर इथे.

"खरं सांग, डेस. त्याच्यावरच घेतलंस ना पुढचं गाणं?"

"घेतलं. तू हुकूम सोडलास, माझी काय टाप!"

डेसने टेप वाजवायच्या यंत्रावर चढवली, बोटाने हलकेच ताणून पाहिली.

"पण दोन गाण्यांमध्ये मी जागा सोडायचो, आठवतंय? टेप थोडी पुढे सरकवून मगच नवं घ्यायचो. मधलं जुनं तसंच राहतं."

"आठवतंय तर! टेप काय झाडाला लागते का, म्हणून किती ओरडायचे मी. किती सोडायचास?"

"दहा सेकंद. सवयच ती." त्याने खिशातून घड्याळ काढलं. "बाबा केव्हा सुरू झाले, ते काही आठवत नाही. आणि एकदाच नीट वाजेल असं धरून चाल."

गाणं सुरू झालं. बावीस वर्षांच्या रोविनाचा आवाज बारीक होता आणि जरा घाईत होता. पन्नास वर्षांची रोविना खुर्चीच्या कडेवर बसून होती. गिटारचा शेवटचा झणकार झाला आणि डेसने घड्याळाचं बटण दाबलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज. मग काहीच नाही. रोविनाने डोळे मिटले.

मग खालच्या पट्टीत, लांबून, तो सूर आला. एक ओळ पूर्ण. पुन्हा तीच ओळ, आता जवळून. आणि मग, "झालं का गं पोरी? चहा निवतोय."

चमचा कपाला लागला. लगेच पुढच्या गाण्याचे ठोके सुरू झाले.

डेसने बटण दाबलं आणि घड्याळ तिच्यासमोर ठेवलं.

छत्तीस सेकंद.