चालू आवृत्तीतली दुरुस्ती

पुनमने 'ब' पुसून 'क' निवडला. वेळ संपली, आणि निकालात 'ब'च उमटला.

"बघा मॅडम. मी म्हणत नव्हते का?"

लातूरच्या त्या क्लासमधलं सराव परीक्षांचं सॉफ्टवेअर देविका सांभाळायची. गेल्या वर्षी ऐन हंगामात नवी आवृत्ती टाकली, तेव्हा एका अख्ख्या तुकडीची उत्तरं उडाली होती. त्यानंतर तिनेच नियम केला : मुख्य परीक्षा होईपर्यंत चालू आवृत्तीला हात लावायचा नाही. किरकोळ चुका, नव्या सोयी, सगळं जूनमध्ये. संचालक आप्पासाहेबांनी आता तोच नियम तिला ऐकवला.

"बंद पडलंय का काही? मग जूनमध्ये बघू."

"शेवटच्या मिनिटाला बदललेलं उत्तर धरलंच जात नाही, सर. सोमवारी याच गुणांवरून तुकड्या पडणार. मुलं विनाकारण खाली जातील."

"नियम तुमचाच हाय."

"त्यात एक ओळ वाढवते. विद्यार्थ्याचं नुकसान होत असेल तर दुरुस्ती लगेच."

आप्पासाहेब दोन दिवस अडून बसले. देविका हटली नाही. पुनम पहिल्या तुकडीत अगदी काठावर होती, आणि ती खाली गेली तर वैजनाथ, तिचे वडील, तिला गावी, औशाला, नेणार होते.

सोमवारी दुरुस्ती लागली. जुने सगळे पेपर नव्याने तपासले गेले. देविकाने आधी पुनमचं नाव शोधलं. पहिल्या तुकडीत नव्हतं. दुसरीतही नाही.

तिने पुनमचे पेपर उघडले. प्रत्येक पेपरात तेच. शेवटच्या मिनिटाला तीन-चार उत्तरं बदललेली. आधीची बरोबर, नंतरची चूक. इतके महिने त्या बिघाडानेच तिला वर धरून ठेवलं होतं.

देविका पेपर बंद करून बाहेर आली.

बाकावर बसलेले वैजनाथ तिला पाहून उभे राहिले.

"लई उपकार झाले मॅडम. पोरगी म्हनायचीच, मशीन चुकायलंय म्हनून."

त्यांच्या मागे पुनम भिंतीवरच्या पडद्यावर लागलेली तुकड्यांची यादी बघत उभी होती. तिने ती शेवटपर्यंत वाचली.

"शेवटी शेवटी मला भ्या वाटतं मॅडम," ती हळूच म्हणाली. मग थांबून, "आता बरोबर मोजतंय ना?"

"हो."

पुनमने वडिलांच्या हातातली पिशवी घेतली.

"चला अण्णा. औशाची बस लागली असंल."