विनिताच्या शब्दांचं गाऱ्हाणं

विनिताला इंग्रजी शब्द येत नव्हते असं नाही. यायचे, पण कुरियरवाल्यासारखे. नको तेव्हा बेल वाजवायचे, आणि ती दार उघडून बसली की त्यांचा पत्ता नसायचा. भांडी घासताना 'मॅग्नॅनिमस' आठवायचा, पण परीक्षेत त्याच्या जागी ढिम्म काही नाही.

अंधेरीच्या एका कंपनीत ती विम्याचे दावे तपासायची. काम चोख, पण टीम लीडर व्हायचं तर कंपनीची इंग्रजी परीक्षा पास करावी लागे. विनिता दोनदा आपटली होती. तिसरी संधी शेवटची. ती गेली की खुर्ची ऋतिकाला मिळणार होती. याच ऋतिकाला विनिताने फाइल कशी उघडायची इथपासून शिकवलं होतं, आणि आता ती जेवणाच्या सुट्टीत गोड आवाजात विचारायची, "ताई, या वेळी होईल ना गं?" त्या 'गं'ने विनिताचा डबा घशाखाली उतरत नसे.

म्हणून ती घाटकोपरला अनिरुद्ध सरांच्या क्लासला जाऊ लागली. सर म्हणायचे, "पाठ करू नका. शब्दाचं मूळ धरा. बेने म्हणजे चांगलं, मॅल म्हणजे वाईट, वोल म्हणजे इच्छा. झाला की नाही बेनेव्होलंट, भलं चिंतणारा? आणि मूळ नाही सापडलं तर आजूबाजूची वाक्यं बघा. माणूस कसा शेजाऱ्यांवरून कळतो, तसा शब्द."

क्लासमध्ये सगळं कळायचं. मुलुंडला घरी येईपर्यंत मुळं उपटून कोणी नेलेली असायची.

आणि घरी बळवंत होते.

बळवंत म्हणजे विनिताचे सासरे. मूळचे देवगडकडचे, हयात गिरणीत गेली, गिरणी बंद पडल्यावर मुलुंडला आले. भांडुपपासून मुलुंडपर्यंत कोकणातल्या कोणाच्याही घरी काही नवं सुरू व्हायचं असलं, दुकान असो नाहीतर मुलीचं लग्न, की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला बळवंतांनाच बोलावणं. देवाशी ते समोरच्या बाकावर बसल्यासारखं बोलायचे. एकेक मागणी मांडायचे, थांबायचे, आणि जमलेले सगळे एका सुरात म्हणायचे, "व्हय म्हाराजा." आवाज असा, की बळवंतांनी मुलुंडात गाऱ्हाणं घातलं तर ठाण्यातले देव कूस बदलतात असं लोक म्हणत. विनिता माहेरची नाशिककडची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण 'व्हय म्हाराजा' तिने एकदाही म्हटलं नव्हतं. तेवढ्यात ती हळूच चहा ठेवायला आत जाई.

एका संध्याकाळी ती पुटपुटत बसली होती, "बेने चांगलं, मॅल वाईट."

"मॅल म्हंजे वायट?" बळवंत पेपर खाली ठेवून म्हणाले. "आणि आमचा मालवण?"

"बाबा, त्याचा काही संबंध नाही. हे लॅटिन आहे."

"कोणाचा का आसंना. आमका इचारल्यान?"

रात्रीच्या जेवणापर्यंत ते लॅटिनशी बोलत नव्हते. पण दुसऱ्या दिवशी सून पुन्हा डोकं धरून बसलेली पाहिली आणि त्यांना राहवेना. "विनिता, शब्द एकटो ऱ्हवत नाय गो. तेका माणसा व्हयी. तू तेका घराक हाडतस आणि कोपऱ्यात बसवतस. तो पळतलोच."

"मग काय करू? जेवायला वाढू त्याला?"

"गाऱ्हाण्यात घाल."

ती नाही म्हणेपर्यंत नारळ आला होता. सासूबाई, मथुराबाई, हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. नवरा निलेश मोबाइलवरून डोकं न उचलता उभा राहिला. बळवंतांनी तिच्याकडून आजचे शब्द अर्थासकट विचारून घेतले आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू विनिता विंग्रजी परीक्षेक बसता हा. हिच्या वाटेत जो कोण मॅलेव्होलंट आसात, तेका बेनेव्होलंट कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हापिसात जी कोण लोक्वेशस बोलान बोलान हिचा डोक्या खाता, तिचा तोंड गप कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," म्हणून निलेश म्हणाला, "हे ऋतिकाचं झालं ना?"

विनिताने कपाळावर हात मारला. पण वैताग याचा, की दोन्ही शब्द डोक्यात बसले ते बसलेच. सकाळी उठली तरी जागेवर.

मग काय, रोज दिवेलागणीला देवाला इंग्रजी. ती मूळ सांगायची, बळवंत त्याला माणूस शोधायचे, मग ती त्यावर इंग्रजीत एक वाक्य करून थांबायची आणि सगळे म्हणायचे, "व्हय म्हाराजा." 'क्रेड' म्हणजे विश्वास, तर 'क्रेड्युलस' कोण? दुसऱ्या मजल्यावरची शकु, जिला कोणीही कुठलंही चूर्ण विकून जातं. आपलं नाव देवाकडे रोज जातं हे ऐकून शकु स्वतःच गाऱ्हाण्याला यायला लागली. मग तिच्या मागे अर्धी बिल्डिंग. मासे घेऊन येणारी शेवंती पाटी खाली ठेवून 'व्हय म्हाराजा' म्हणायची आणि खालच्या मजल्यावर जाऊन भावात घासाघीस करणाऱ्या बायकांना लोक्वेशस म्हणायची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीला तिघांनी तीन मुळांसकट शिव्या दिल्या. म्हणे खालचा कुत्रासुद्धा 'ऑम्निव्होरस', म्हणजे मिळेल ते खाणारा, म्हटलं की शेपूट हलवायचा.

एकच शब्द बळवंतांनी घेतला नाही. इनकॉरिजिबल. 'इन' म्हणजे नाही, पुढचं मूळ म्हणजे सरळ करणं. काही केल्या सरळ न होणारा.

"असो माणूस देवाकडे कित्याक मागू?" ते म्हणाले. "ऱ्हवांदे तेका."

तो शब्द बिनमाणसाचा राहिला, आणि विनिता रोज विसरत राहिली.

खरी पंचाईत अनिरुद्ध सरांनी तोंडी सराव घेतला तेव्हा उघडी पडली. विनिता झकास बोलली. "माय नेबर इज क्रेड्युलस, शी बिलीव्ह्ज एव्हरी सेल्समन." आणि थांबली.

"पुढे," सर म्हणाले.

पुढे काही येईना. ती सरांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय झालं? शब्द अडला?"

"नाही सर," विनिता रडवेली होऊन म्हणाली. "कोणी काही म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य सुटत नाही."

सरांनी चष्मा काढून पुसला. इतक्या वर्षांत असा आजार त्यांनी पाहिला नव्हता. "कोण काय म्हणायला हवंय?"

विनिताने घाईघाईने वही पिशवीत कोंबली.

परीक्षा घरूनच होती, रविवारी सकाळी, लॅपटॉपवर. समोर पडद्यावर परीक्षक बाई. नियम कडक होते. खोलीत दुसरं माणूस नको, दुसरा आवाज नको. संशय आला तर परीक्षा तिथेच रद्द.

"अगं यार, टेन्शन घेऊ नकोस," निलेश म्हणाला. "मी दोघांना सकाळीच गोराईला घेऊन जातो."

"बाबा, वचन द्या," विनिता म्हणाली. "घरात पाऊल ठेवायचं नाही."

"नाय ठेवणंय," बळवंत म्हणाले.

गाडी निघाली, तसं विनिताने दार लावलं, पंख्याचाही आवाज नको म्हणून पंखा बंद केला. गाडी मात्र नाक्यावरच थांबली. बळवंतांना आठवलं होतं की आजच्या दिवसाचं गाऱ्हाणं घातलंच नाही, आणि त्याशिवाय ते पुढे जाईनात. निलेशने समजावलं, मथुराबाईंनी झापलं. शेवटी गाडी वळली. वचन मात्र बळवंतांनी अक्षरशः पाळलं. घरात पाऊल ठेवलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या विनिताच्या खिडकीखाली नारळ ठेवला, मनातल्या मनात गाऱ्हाणं घातलं आणि हात जोडून उभे राहिले. ते दिसल्यावर शकु उतरली, शेवंती थांबली, हळूहळू नेहमीची मंडळी जमली. सगळे इतके गप्प, की मुलुंडमध्ये अशी शांतता परत झाली नाही.

वर परीक्षक बाईंनी शब्द दिला. बेनेव्होलंट. अर्थ सांगा आणि त्यावर बोला.

विनिताला हायसं वाटलं. मूळ सांगितलं, अर्थ सांगितला. मग म्हणाली, "अ बेनेव्होलंट पर्सन विशेस वेल टू एव्हरीवन, इव्हन टू दोज हू आर मॅलेव्होलंट." आणि थांबली.

परीक्षक बाई वाट पाहत होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ पळत होतं. विनिताला पुढचं वाक्य दिसत होतं, पण ते उंबऱ्यावर पाय रोवून उभं होतं. तिला ऋतिकाचा 'गं' ऐकू आला.

उघड्या खिडकीतून तिचा आवाज खाली येत होता. मंडळींना इंग्रजी कळलं नाही. पण तो थांबा कळला. महिनाभर रोज संध्याकाळी त्याच थांब्यावर त्यांचं तोंड उघडलं होतं. बळवंतांनी दात घट्ट आवळले, मथुराबाईंनी तोंडात पदर कोंबला, शकु तर निळी पडायला आली. आणि मग अख्ख्या बिल्डिंगचा धीर एकदमच सुटला.

"व्हय म्हाराजा."

खिडकीची काच थरथरली. पडद्यावर लाल चौकट उमटली. परीक्षक बाईंनी कानाचा हेडफोन लांब धरला आणि इंग्रजीत विचारलं, की खोलीत कोण आहे.

संपलं, विनिताला वाटलं. तिसरी संधी, क्लास, रोजची पाठांतरं, सगळं एका नारळापायी. आणि तिचा इतक्या वर्षांचा साठलेला वैताग असा उसळला की तो मराठीत मावेना.

नो वन, मॅडम, ती म्हणाली. खोलीत कोणी नाही. लॅपटॉप उचलून तिने चारी भिंती दाखवल्या, मग खिडकी दाखवली. दॅट इज माय फादर-इन-लॉ. मग ती थांबलीच नाही. त्यांचा आवाज ऑम्निप्रेझंट आहे, शेजारी क्रेड्युलस आहेत, बिल्डिंगमधलं प्रत्येक माणूस लोक्वेशस आहे, माझ्या शिक्षणासाठी ते देवाला रोज छळतात, मी न मागता छळतात, त्यांच्याइतका बेनेव्होलंट माणूस मी पाहिला नाही आणि त्यांच्यापुढे मी इतकी एक्झॅस्परेटेड झालेय की सांगता येत नाही. ही इज, मॅडम, ही इज इनकॉरिजिबल.

आपण काय म्हणालो ते तिचं तिलाच उशिरा कळलं.

परीक्षक बाईंनी हेडफोन पुन्हा नीट कानावर बसवला. मग त्यांनी लाल चौकट बंद केली. आवाज बाहेरचा आहे आणि तो कोणतंही उत्तर पुरवत नाहीये, असं त्यांनी नोंदवलं. "प्लीज कंटिन्यू," त्या म्हणाल्या. "आय वुड लाइक टू हिअर मोअर अबाउट युवर फादर-इन-लॉ."

निकालाचा मेल तीन दिवसांनी, दुपारी ऑफिसातच आला. पास. ऋतिकाने विचारलं, "ताई, झालं ना गं?" विनिता नुसती हसली, आणि डबा शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.

घरी बळवंत दारातच उभे होते. रविवारपासून विनिता त्यांच्याशी बोलली नव्हती.

"खंयच्या शब्दान काम झाला?" त्यांनी चाचरत विचारलं.

"इनकॉरिजिबल."

"तो? तेका माणूस गावलो?"

"गावला," विनिता म्हणाली. "घरातच होता."

बळवंतांनी जरा विचार केला. मग चेहरा असा फुलला, जणू मुंबई महापालिकेने सत्कार केला होता. लगेच नारळ आणला, मथुराबाईंना हाक मारली, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, पोरगी पास झाली, तुझो उपकार. आता हिचो सासरो आसा तसोच शेवटपर्यंत इनकॉरिजिबल ठेव रे म्हाराजा."

मथुराबाई मुद्दाम गप्प राहिल्या. थांबा लांबत चालला. बळवंतांनी एक डोळा किलकिला करून पाहिलं. चहा ठेवायला निघालेली विनिता स्वयंपाकघराच्या दारात अडकली होती.

"व्हय म्हाराजा," ती दात-ओठ खाऊन म्हणाली, आणि गॅस पेटवायला आत गेली.