हवा माझ्यातून शिरत नव्हती

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो. मी जुना आहे, माझ्या एका तोंडाचा टवका उडाला आहे, पण मी फुटका नाही. मी रसायनशाळेतला काचेचा चंबू आहे, गोल बुडाचा आणि तीन तोंडांचा. तोंडं तीन, पण बोलायची सोय नाही. म्हणून तर माझ्यावर नको तो आळ आला.

एका म्हाताऱ्या काचकारागिराने मला ज्योतीवर फुंकून घडवलं. "वापरतील तितका टिकेल," असं म्हणून त्याने मला भुशात घालून पाठवलं. वीस वर्षं मी टिकलो. आम्ल सोसलं, उकळतं तेल सोसलं. दर संध्याकाळी भांडी धुणारे काका मला उजेडात धरून निरखायचे, मगच उपडा ठेवायचे.

गेली चार वर्षं मी ताईच्या हाताखाली आहे. प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांत सगळ्यांत मोठी, म्हणून सगळे तिला ताईच म्हणतात. भाजलेल्या कातडीला न चिकटणारी मऊ पट्टी तिला बनवायची आहे. त्यासाठी ती दोन मोनोमर, म्हणजे दोन प्रकारचे सुटे रेणू, माझ्यात घालते. दोघांच्याही घडणीत नायट्रोजनचा अणू असतो. ऊब दिली आणि साखळी सुरू करणारी चिमूटभर पूड टाकली की एक रेणू खवळतो, शेजाऱ्याचा हात धरतो, तो पुढच्याचा, आणि बघता बघता हजारोंची साखळी होते. पाण्यासारखं पातळ मिश्रण मधासारखं दाट होतं. मध्ये हवेतला ऑक्सिजन शिरला, तर साखळी खुंटते. म्हणून माझ्या एका तोंडातून सतत नायट्रोजन वायू सोडतात. तो पहारेकरी.

या वर्षी सुट्टीनंतर मिश्रण घट्ट होईना. एकदा, दोनदा, सहा वेळा पातळच्या पातळ. ताईला मार्गदर्शन करणाऱ्या सरांनी माझा टवका पाहिला आणि निकाल देऊन टाकला.

"चंबू गळका आहे. हवा शिरते. टाकून दे आणि नवा घे."

"सर, तडा असता तर माझ्या बोटांना कळला असता," काका म्हणाले. त्यांचं कोण ऐकतो?

"शनिवारी संशोधन समिती बसतेय," सर ताईला म्हणाले. "तोवर साखळी जमली नाही, तर हा विषय बंद करावा लागेल." चार वर्षांचं काम पाण्यात जाणार होतं. ताईचा चेहरा उतरला. मला फुटक्या काचांच्या खोक्यात टाकलं.

खरं सांगू? मला सगळं माहीत होतं. सुट्टीला जाण्यापूर्वी सरांनीच शुद्ध केलेल्या एका मोनोमरच्या बाटलीत रेणूंना आवरून धरणारी पूड घातली होती, साखळी बाटलीतच जमू नये म्हणून. शहाणपणाचंच काम. पण लेबलवर 'शुद्ध, तयार' एवढंच राहिलं. मी कपाटातून पाहिलं होतं, आणि आता तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होतो. राग येत होता मला, खूप राग.

नवा चंबू आला, चकचकीत. सातव्यांदाही पाणीच.

मग ताईने वही उघडून सातही नोंदी ताडून पाहिल्या. "चंबू बदलला, पण निकाल तोच," ती म्हणाली. "सर, बदलली नाही ती बाटली."

"ती मी स्वतः शुद्ध केलीय. माझ्यावर शंका घेतेस?"

"शंका नाही सर, तपासणी."

तिने त्याच मोनोमरचा नवा सीलबंद डबा फोडला, तो स्वतः शुद्ध केला आणि खोक्यातून मला उचललं. "आळ याच्यावर आहे ना? मग निवाडाही याच्यातच होऊ दे." काकांनी मला घासून-पुसून दिलं. मी टवक्यासकट ताठ उभा राहिलो. तासाभरात ढवळणारा दांडा कण्हायला लागला. मिश्रण दाट झालं, आणखी दाट झालं, आणि दांडा थांबला.

सर माझ्यापाशी आले. मग त्या बाटलीकडे वळले. बाटली हातात घेऊन त्यांनी लेबल वाचलं.

"सुट्टीच्या आधी मीच यात साखळी रोखणारी पूड घातली होती," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "लिहायचं राहिलं. ताई, चूक माझी. शनिवारी समितीलाही मीच सांगेन."

मित्रांनो, एवढं कबूल करायलाही छाती लागते, हे मी मानतो. पण माझा राग काही लगेच गेला नाही. जुनं दिसलं की दोष त्याच्याच माथी मारायचा, ही कुठली रीत? आधी तपासा. बाटलीत काय घातलंत ते बाटलीवर लिहा. आणि जुन्याची काळजी घ्यायची असेल, तर त्याला धुऊन, निरखून कामाला लावा.

हे सांगायचं कारण, सर पुढे म्हणाले, "या चंबूला आता काचेच्या कपाटात मानाने ठेवू."

"नको सर," ताई म्हणाली. "उद्या सकाळी मला तो लागणार आहे."