देवीचा हार आणि नवा कार्बोरेटर

उज्वलाला त्या सायकलची किळस यायची. नुसता राग नव्हे, किळस. राग आला की माणूस भांडतं आणि मोकळं होतं. इथं सकाळी दार उघडलं की ओट्याजवळ ते धूड उभं दिसायचं, त्याच्या पोटाखाली पेट्रोल आणि ऑइलचं काळपट थारोळं, आणि त्यात पडून मेलेले किडे. चहाचा पहिला घोट तिला त्या वासाशिवाय मिळेनासा झाला होता.

मुळात ती बिचारी साधी सायकल होती. ज्ञानेशनं, म्हणजे उज्वलाच्या नवऱ्यानं, मोबाइलवरून इंजिनाचा किट मागवला, तो सांगाड्यात कोंबला, आणि अख्ख्या मखमलाबादच्या शिवारात आपल्याइतका हुशार कोणी नाही असं त्याला वाटायला लागलं. पेडल मारत पळवायची, मग क्लच सोडायचा, फटफट सुरू झाली की मागे धुराचा लोट. बांधावरची माणसं हसायची आणि यालाच ते कौतुक वाटायचं. बरं, एवढं करून हे यंत्र वाहून न्यायचं काय, तर उज्वलाची फुलं. कॅरियरला दोन क्रेट बांधायचे आणि गोदाकाठच्या देवळापर्यंत न्यायचे.

फुलं तिची होती. बांधाला झेंडू, विहिरीच्या अंगाला शेवंती, आणि गुलछडीचे वाफे. देवळाच्या पायऱ्यांशी बसणाऱ्या नवसाबाईला ती फुलं घालायची. नवसाबाईची जागा डाव्या हाताची, पिंपळाच्या सावलीतली. देवीचा सकाळचा पहिला हार तिथूनच जाणार, हा रिवाज नवसाबाईच्या सासूपासूनचा. नवसाबाईला मूलबाळ नव्हतं, गुडघे कामातून गेले होते. यंदा ती उज्वलाला म्हणाली, "घटस्थापनेला तू बस माझ्याशेजारी. पुजाऱ्यानं तुझ्या हातचा हार नेला की जागा तुझी. मंग मी घरी पडायला मोकळी."

तेव्हापासून उज्वलाचे पाय जमिनीवर नव्हते. पिकवायचं आपण, आणि क्रेट दुसऱ्यापुढे ठेवून रिकाम्या हातानं मागे फिरायचं, यात तिची उमर चालली होती. तिला आता बसायचं होतं.

नवसाबाईचा कायदा एकच. देवाच्या फुलाचा वास घ्यायचा नाही. हुंगलेलं फूल उष्टं झालं, ते देवाला चालत नाही. उज्वलाच्या माहेरीही हेच होतं, त्यामुळे गुलछडी तोडताना ती नाकावरून पदर घेऊन मागे खोचायची. आपल्याच फुलांचा वास तिला वाऱ्यानं आणून दिला तेवढाच माहीत.

किटाबरोबर आलेला कार्बोरेटर गळका होता. उज्वलानं नवऱ्याचं डोकं खाल्लं. "फुलांवर एक थेंब जरी उडाला ना, तर तुमचं हे खटारं विहिरीत घालीन," असं ती रोज म्हणायची. शेवटी ज्ञानेशनं मनावर घेतलं, आणि त्यानं मनावर घेतलं की घराचं काही खरं नसतं. भद्रकालीतल्या भंगारवाल्याकडून त्यानं एका मोडीत निघालेल्या मोपेडचा कार्बोरेटर आणला.

"हा बघ. किटवाला म्हणजे निव्वळ खेळणं. हा बसला की गळणं बंद, चढाला पेडल मारायला नको," तो म्हणाला, आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर, पोळपाटाला लागून, त्यानं तो उघडला.

आतून जे निघालं ते बघून उज्वलानं पोळपाट उचलून लांब नेला. वर्षानुवर्षं कुजलेल्या पेट्रोलचा तपकिरी, चिकट राडा. कार्बोरेटरचे सुटे भाग त्यानं चहाच्या गाळणीत धुतले. भांड्यांच्या गराड्यात बसून, तोंडानं गाणं गुणगुणत. मग निघालं की जेट बुजलाय. जेट म्हणजे पितळेची एवढीशी पुंगळी, तिच्या बारीक भोकातून इंजिनाला पेट्रोल जातं. ते भोक मोकळं करायला या बाबानं काय घ्यावं? तिची हार ओवायची लांब सुई. आणि दात कोरावेत तसा तो कोरत बसला.

"अहो! देवाच्या हाराची सुई हाय ती!"

"धुऊन देतो की."

"आणि भोक मोठं झालं म्हंजे?"

"होऊ दे. जास्त पेट्रोल, जास्त ताकद."

हवा गाळायची जाळी सायकलच्या दांड्याला अडायला लागली, तर त्यानं ती काढूनच टाकली. कार्बोरेटरचं तोंड उघडं पडलं, ते बरोबर मागे, क्रेटांच्या दिशेला. उज्वलानं सुई फेकून दिली, बाजारातून नवी आणली, गाळणीही नवी आणली. सकाळी दाराबाहेरची, सायकलखालची फरशी मात्र कोरडी होती. चला, सुटलो, असं तिला वाटलं.

घटस्थापनेच्या सकाळी ज्ञानेश फुलं घेऊन पुढे गेला आणि उज्वला न्हाऊन, ठेवणीतलं लुगड्याच्या काठाचं पातळ नेसून बसनं गेली. पिंपळाखाली नवसाबाईनं तिच्यासाठी धुतलेलं पोतं अंथरलं होतं. क्रेट ओल्या फडक्यानं झाकून ठेवलेले. पायऱ्यांवर बायकांची ही रांग. उज्वलानं पोत्याला हात लावून नमस्कार केला, मांडी घातली आणि ओवायला घेतलं. तिला रडू येईल की काय असं झालं होतं.

कसला तरी भपकारा मधूनमधून येत होता, गोडसर, डोक्यात जाणारा. रांगेतल्या कुणा पोरानं अंगावर काहीबाही फवारलं असेल, असं म्हणून तिनं सोडून दिलं.

"आज मधमाश्या कशा नाय गं?" नवसाबाई म्हणाली. "झेंडूवर रोज नुसत्या घोंगावत्यात. हाकलून जीव जातो."

उज्वलानं हात थांबवला. खरंच एकही माशी नव्हती. तिनं बोटं बघितली. ती बुळबुळीत होती. गुलछडीच्या पांढऱ्या कळीवर बारीक काळे ठिपके होते, पुसले तर पसरणारे. हार तर होत आला होता.

ज्ञानेश पायरीला रेलून उभा होता, लग्नात मिरवणाऱ्या करवल्यासारखा. तिनं त्याला खुणेनं जवळ बोलावलं.

"हे काय उडालंय?"

"अगं, थोडंसं," तो हळूच म्हणाला. "नवा कार्बोरेटर मागं थुंकतो जरा. सेटिंग बाकी हाय. पण तू काळजी नको करू, मी बॉडी स्प्रे मारलाय वरून. दोनदा मारलाय."

"तुम्हाला कसं कळलं वास येतोय ते?"

"नाक लावून बघितलं ना."

हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की उज्वलाला त्याच्याकडे बघवेना. नाक लावलं, घाण कळली, त्या घाणीवर काखेत मारायचा फवारा मारला, वर ओलं फडकं झाकलं, आणि आता कौतुकाची वाट बघत उभा. या माणसाच्या ताटात आपण जेवलो, हे तिला नको इतकं आठवलं.

तिनं नवसाबाईला सगळं सांगितलं. वाटलं, म्हातारी कपाळावर हात मारून घेईल, फुलं उधळून देईल. नवसाबाईनं आधी पायऱ्यांकडे बघितलं. पुजारी खाली उतरत होता.

"आपण हुंगलं का?" नवसाबाई म्हणाली.

"नाय."

"मंग आपल्याला काय ठाऊक? दे."

"मावशी, पण आता ठाऊक झालं ना."

"तुला झालं. देवीला नाय झालं. आज पहिली माळ हाय, समोर रांग बघ केवढी. दे म्हणते ना!"

उज्वला तिच्या तोंडाकडे बघत राहिली. हीच ती बाई, जिच्या धाकानं आपण इतकी वर्षं नाकाला पदर लावला. नाक झाकायचं ते देवासाठी असं ती समजत होती. इथं ते झाकायचं म्हणजे काही कळू नये आणि हात वर करता यावेत, एवढंच होतं. नवऱ्याची शिसारी आली होती, तिच्यापेक्षा ही मोठी होती. आणि त्याहून मोठी स्वतःची, कारण हार अजून तिच्याच हातात होता आणि क्षणभर तिला तो द्यावासा वाटला होता. जागा हातभर अंतरावर होती. फक्त गप्प बसायचं होतं.

पुजाऱ्यानं तबक पुढे केलं. "आणा लवकर."

उज्वलानं हार उचलला, सगळ्या रांगेदेखत स्वतःच्या तोंडावर दाबला आणि छाती भरून वास घेतला. पेट्रोल, जळकं ऑइल, त्या फवाऱ्याचा गोडवा. तिला कोरडी ओकारी आली.

"अगंबाई, हुंगला की हिनं!" रांगेतली एक बाई किंचाळली.

पुजाऱ्यानं चटका बसल्यासारखं तबक मागे घेतलं आणि तो समोरच्या बाजूला बसणाऱ्या हारवालीकडे गेला. पिंपळाखालच्या जागेवरून देवीचा पहिला हार गेला नाही, असं आजवर झालं नव्हतं.

"ऊठ," नवसाबाई म्हणाली. "माझ्या पोत्यावरनं ऊठ. परत या पायऱ्यांना तुझी सावली दिसता कामा नये."

उज्वला उठली. मन तुटून गेलं होतं, ते तिनं लपवलंही नाही, डोळे वाहत होते ते वाहू दिले. ज्ञानेश मागे मागे करत होता, "जेट बदलतो गं, जाळी बसवतो," असं काहीतरी. तिनं दोन्ही क्रेट ओढत रस्त्यापर्यंत नेले. ती फुलं निर्माल्याच्या कुंडात टाकायचीही तिला लाज वाटली. कोपऱ्यावर कचऱ्याची घंटागाडी उभी होती. तिनं पहिला क्रेट तिच्यात पालथा केला.

"अगं ए!" नवसाबाई जागेवरूनच ओरडली. "पाणी मारलं असतं तर निम्मी तरी खपली असती!"

"खपली असती, मावशी," उज्वला म्हणाली आणि तिनं दुसरा क्रेट उचलला. "म्हणूनच टाकते."