दाराआडचा कोपरा

कोथरूडच्या दीनानाथ आगाश्यांची बाथरूम म्हणजे साडेपाच फूट बाय चार फूट. नुसती आंघोळीची, संडास वेगळा. तेवढ्यात बादली, तांब्या आणि हेमाताईंचं निळं प्लास्टिकचं स्टूल सुखाने नांदत होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हेमाताईंना उभ्याने आंघोळ जमत नसे. दार लावायचं, स्टुलावर बसायचं आणि अर्धा तास कुणाला ओ म्हणून द्यायची नाही. दिवसातला तेवढाच काय तो त्यांचा स्वतःचा वेळ.

पण वारज्याच्या रावसाहेबांनी बाथरूममध्ये वॅनिटी बसवली आणि सगळं बिनसलं.

रावसाहेब आणि दीनानाथ दोघंही पाटबंधारे खात्यात आरेखक. शेजारशेजारच्या टेबलांवर बसून चाळीस वर्षं एकमेकांच्या चुका काढल्या. निवृत्तीनंतर टेबलं गेली, खोड काही गेली नाही. ती वॅनिटी बघून आल्यापासून दीनानाथांना अन्न गोड लागेना.

वॅनिटी म्हणजे काय हो, तर बेसिनखालचं कपाट! पाय वाकडे, मुठी पितळी, रंग म्हणे ‘अँटिक व्हाइट’. हेमाताईंनी चष्मा लावून मोबाइलवरचा फोटो पाहिला.

“अहो, हा पांढरा तर पिवळा पडलाय.”

“तीच तर त्याची शान आहे. जुना दिसायला हवा.”

“आपल्या टाइल्सही तशाच दिसतात की.”

“त्या मळक्या आहेत. हे अँटिक.”

आता बोला! ह्या माणसाच्या बनियनांचा पिवळेपणा नीळ घालून घालून काढण्यात हेमाताईंचा जन्म गेला, आणि हा गृहस्थ पिवळेपणा विकत आणायला निघाला होता.

“आणि माझं स्टूल कुठे ठेवायचं?”

“स्टूल कशाला? दहा मिनिटं उभं राहायला काय होतं माणसाला? भिंतीला दांडी लावून देतो धरायला.”

त्याच संध्याकाळी स्टूल गॅलरीत गेलं आणि त्यावर तुळशीची कुंडी बसली. हेमाताई दुसऱ्या दिवसापासून नळ धरून, घाबरत, पाच मिनिटांत आंघोळ उरकू लागल्या. बाहेर आल्या की गुडघा ठणकायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं. साबण गेला असेल, असं दीनानाथ म्हणायचे.

कपाट करायला भवानी पेठेतले मैनुद्दीनभाई आले. तीन पिढ्यांचं सुतारकाम आणि पॉलिश. मापं देताना दीनानाथांनी काय करावं? हॉलमधला सोफा सरकवला आणि फरशीवर खडूने अख्खी बाथरूम काढली, अगदी खऱ्या मापाची. नळाच्या बाजूला जागा नव्हती, म्हणून दाराआडच्या कोपऱ्यात टीव्हीचं खोकं ठेवलं. ती वॅनिटी; बेसिन नंतर वर बसवायचं. दाराच्या जागी रेघ मोडून तेवढी जागा मोकळी सोडली.

“ये गं, उभी राहा. हात वर कर. घे पाणी अंगावर.”

मैनुद्दीनभाईंसमोर, नेसत्या साडीनिशी, हेमाताई हॉलमध्ये खोटी खोटी आंघोळ करू लागल्या. कोपर खडूच्या रेघेबाहेर वीतभर गेलं. तिथे खरं म्हणजे भिंत होती.

“बसलं की नाही सगळं?” दीनानाथ खूश.

“अहो, पण दार?”

“हे काय दार!” त्यांनी मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं.

मैनुद्दीनभाई खाकरले. “साहेब, वहिनी काय म्हणतात ते ऐका. दार आत उघडतं ना? मग त्याच कोपऱ्यात...”

“मैनुद्दीनभाई, तुम्ही पॉलिशचं बघा. मी धरणांची मापं काढलेला माणूस आहे.”

मैनुद्दीनभाईंनी हेमाताईंकडे पाहिलं. हेमाताईंनी आणखी एकदा, “अहो, दार...” म्हणून पाहिलं. दीनानाथांनी हातानेच गप्प केलं. तिसऱ्यांदा सांगायची हेमाताईंची पद्धत नव्हती. त्यांनी ओला फडका आणून खडू पुसून टाकला.

पुढच्या रविवारी सकाळी वॅनिटी आली. बारीकसारीक काम फार सुरेख होतं, त्यात वाद नाही. मैनुद्दीनभाईंनी आधी झकास रंग दिला होता आणि मग काचपेपरने कडा घासून तोच खरवडला होता.

“आमच्या वडिलांनी आयुष्यभर जुन्याचं नवं केलं, वहिनी,” ते हळूच म्हणाले. “माझं हे असं चाललंय.”

अकरा वाजता रावसाहेब दर्शनाला येणार होते. साडेदहाला वॅनिटी बाथरूममध्ये मधोमध ठेवली गेली.

“कोपऱ्यात मीच सरकवणार,” दीनानाथ म्हणाले. “सूतभरही फट राहता कामा नये.”

कोपरा दाराआड. म्हणून त्यांनी आत जाऊन दार लावलं. आतून कुंथण्याचा आवाज आला, मग लाकूड घासल्याचा, मग “वा!” असा. वरची फळी भिंत आणि चौकटीच्या मधे अशी घट्ट बसली की बस्स.

मग दाराची मूठ फिरली. दार चार बोटं उघडलं आणि वॅनिटीवर आपटलं. पुन्हा आपटलं.

“मैनुद्दीनभाई,” फटीतून बारीक आवाज आला, “हे जरा ढकला.”

ढकलून काय होतंय! आतून ओढायला धरायचं कुठे? पितळी मूठ धरली तर ती हातात आली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. दहा मिनिटं गेली. वीस गेली.

“हेमा, पाय दुखायला लागले गं. बसायला काहीतरी दे.”

हेमाताई गॅलरीत गेल्या, कुंडी उतरवली, स्टूल पुसून आणलं आणि फटीला लावलं.

“जात नाही हो. पण दहा मिनिटं उभं राहायला काय होतं माणसाला?”

मैनुद्दीनभाई उगाचच पिशवीत काहीतरी शोधू लागले. मग ते म्हणाले, “दोनच मार्ग आहेत. मी बाहेरून दार कापतो, नाहीतर साहेब आतून वॅनिटीची फळी कापतील.”

“दार कापा!” दीनानाथ ओरडले. “वॅनिटीला हात लावायचा नाही! रावसाहेब येतोय!”

“दार कापायचं नाही,” हेमाताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मैनुद्दीनभाईंनी हातातली पटाशी खाली ठेवली. “त्या दाराआड मी आंघोळ करते. ते दार माझं आहे. तुमचं काय ते तुम्ही कापा.”

“अगं, पण...”

बेल वाजली.

हेमाताईंनी करवत उचलली आणि दांड्याकडून फटीत सरकवली. बराच वेळ ती तशीच राहिली. मग आतल्या हाताने ती ओढून घेतली.

स्टूल बाथरूमच्या दाराशीच ठेवून त्या रावसाहेबांना दार उघडायला गेल्या. ठेवणीतला शर्ट, गळ्यात चष्मा, आणि नजर थेट आत. तेवढ्यात करवतीचा आवाज सुरू झाला. अडखळत, थांबत, पुन्हा सुरू होत.

“दीनानाथ कुठंय? आणि हा आवाज कसला?” रावसाहेबांनी विचारलं.

“आत आहेत. मापात बसवतायत,” हेमाताई म्हणाल्या. “तुम्ही टेका. हे बाहेर आले की मी आंघोळ करून चहा टाकते. पण आज मला अर्धा तास लागेल.”